राउटर घेताना स्पीडचा आकडा नंतर, आधी उष्णता आणि अपडेट बघा

मार्च संपत आला की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. "दादा, दुपारी वायफाय सारखं जातं. दोन-अडीच हजारात चांगला राउटर सुचव ना." सोबत शॉपिंग साइटची लिंक, आणि लिंकमधल्या फोटोत चार-पाच अँटेना ताठ उभ्या केलेला काळा डबा. लिंक उघडायच्या आधी मी दोन प्रश्न विचारतो. सध्याचा राउटर घरात नेमका कुठे ठेवलाय? आणि त्याचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा "टीव्हीच्या कपाटात" असं येतं. दुसऱ्याचं उत्तर येतच नाही.

राउटर हा एक छोटा कॉम्प्युटर आहे, हे आधी डोक्यात बसवू. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, साठवणीची चिप असते आणि बहुतेकांमध्ये लिनक्सचीच एखादी आवृत्ती चालते. फरक एवढाच की फोन गरम झाला तर आपण गेम बंद करतो, अपडेट आला तर (कंटाळत का होईना) टाकतो. राउटर मात्र वर्षाचे ८,७६० तास चालू असतो आणि त्याच्याकडे आपण फक्त तो बंद पडल्यावर बघतो. राउटरच्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा या दोन गोष्टींत सापडतं: त्याला हवा मिळत नाही आणि अपडेट मिळत नाही. खोक्यावरचा स्पीडचा आकडा या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

आधी गुन्हेगार शोधा

"वायफाय गेलं" हे एकच वाक्य आपण तीन वेगवेगळ्या आजारांसाठी वापरतो, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण खाली "इंटरनेट नाही" असं येतं. म्हणजे राउटर जिवंत आहे, बाहेरून येणारी लाइन गेली आहे. फायबर कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाहीये. कुठे तरी फायबर तुटली किंवा वाकली आहे. इथे दहा हजारांचा राउटर आणलात तरी उपयोग नाही, कंपनीला फोन करा.

दुसरा प्रकार: वायफायचं नावच यादीतून गायब होतं आणि दोन मिनिटांनी परत येतं. याचा अर्थ राउटर स्वतःहून बंद होऊन परत सुरू झाला. इथे संशय उष्णतेवर किंवा अडॅप्टरवर.

तिसरा: नाव आहे, इंटरनेटही आहे, पण स्पीड रडतोय. याची कारणं बरीच असू शकतात. दोन भिंतींपलीकडची खोली, शेजारच्या पंधरा राउटरांची गर्दी, किंवा तापल्यामुळे स्वतःचा वेग कमी करणारा राउटर.

पहिला आणि दुसरा प्रकार ओळखण्याची पक्की खूण राउटरच्याच आत असते. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' असा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका (आकडे अर्थातच इंग्रजी), राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचा पासवर्ड द्या, की राउटरचं पान उघडतं. तिथे 'स्टेटस' किंवा 'सिस्टम' खाली 'अपटाइम' शोधा. राउटर शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, ते तिथे लिहिलेलं असतं. दुपारी तीनला नेट गेलं आणि चारला अपटाइम १२ दिवस दाखवतोय, तर राउटर निर्दोष. अपटाइम एक तासाच्या आत असेल आणि घरातली वीज गेलेली नसेल, तर राउटर मध्ये बंद पडला होता.

माझा मावसभाऊ अकोल्यात वरच्या मजल्यावर राहतो. स्पर्धा परीक्षेची तयारी, रोज दुपारी ऑनलाइन क्लास आणि आठवड्यातून एकदा वेळ लावून सोडवायची टेस्ट. टेस्ट मध्येच तुटली की तेवढ्यावरच जमा व्हायची, परत द्यायची सोय नव्हती. एप्रिलमध्ये सलग दोन टेस्ट अशाच गेल्या. त्याने सव्वाचार हजारांचा राउटर कार्टमध्ये टाकून ठेवला होता, आणि इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवाल्याने त्याला वरचा प्लॅन घ्यायचा सल्ला दिला होता. आम्ही फोनवर बोलत अपटाइम पाहिला: ४१ मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत पाहिला: २६ मिनिटं. सकाळी मात्र आठ-नऊ तास. रात्रभर ठणठणीत, दुपारी आजारी. राउटर होता पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागे, वर तापलेला स्लॅब.

अशा वेळी एक साधी चाचणी करा. ज्या वेळेत वायफाय हमखास जातं, त्या वेळेत राउटरवर टेबल फॅन सोडा आणि दोन-तीन दिवस अपटाइम लिहून ठेवा. पंखा असताना तो टिकला आणि पंखा काढल्यावर परत पडला, तर दुसरा पुरावा लागत नाही. मावसभावाचा राउटर पंख्याखाली सलग चार दिवस चालला.

चाळीस अंशांची ओळ

राउटरच्या माहितीपत्रकात अगदी तळाशी एक ओळ असते: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. घरगुती राउटरांमध्ये हाच आकडा सर्रास दिसतो. हे आजूबाजूच्या हवेचं तापमान आहे, राउटरच्या अंगाचं नव्हे. आता मे महिन्यातलं अकोला, नागपूर, चंद्रपूर किंवा जळगाव आठवा. बाहेर ४४-४५, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली दुपारी चाळिशी ओलांडतेच. म्हणजे राउटर सुरू करायच्या आधीच आपण कंपनीने आखलेल्या रेषेपलीकडे उभे असतो. त्यात तो कपाटात कोंडला, की त्याचीच उष्णता त्याच्याभोवती साठते आणि कपाटातली हवा खोलीपेक्षाही तापते.

आत काय होतं? प्रोसेसर आणि वायफायच्या रेडिओ चिपा बऱ्याच सोशिक असतात, पण एका मर्यादेनंतर त्या स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, काही राउटर सरळ रिस्टार्ट होतात. फोन उन्हात ठेवला की कॅमेरा बंद पडतो, तसाच हा प्रकार. हे निदान दिसतं तरी. जास्त नुकसान न दिसता होतं, ते कपॅसिटरचं.

सर्किट बोर्डावर छोट्या नळकांड्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा असा आहे की तापमान १० अंशांनी कमी झालं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. समजा कपॅसिटरवर '१०५ अंशांना २,००० तास' असं लिहिलंय. तो ६५ अंशांवर चालला तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. चोवीस तास चालणाऱ्या राउटरसाठी हे साधारण साडेतीन वर्षं झाली. तोच ५५ अंशांवर चालला तर ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांहून जास्त. राउटर कपाटातून बाहेर काढला आणि आतलं तापमान फक्त १० अंशांनी उतरलं, तर हिशेबाने आयुष्य दुप्पट होतं, तेही एक रुपया खर्च न करता. ठोकताळा आहे, भविष्य नाही. पण दिशा अगदी पक्की आहे.

हेच कपॅसिटर अडॅप्टरमध्येही असतात, आणि अडॅप्टर बऱ्याचदा राउटरच्या आधी थकतो. लक्षणं अगदी उष्णतेसारखीच: भार वाढला की राउटर रिस्टार्ट. म्हणून पंख्याच्या चाचणीने फरक पडला नाही तर अडॅप्टर बदलून बघा. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. राउटरवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर चालेल; ९ व्होल्टचा चालणार नाही, आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलात तर राउटर जळू शकतो. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही.

राउटर ठेवायचा कुठे, याचं उत्तर कंटाळवाणं आहे: मोकळ्या भिंतीवर, छाती-डोक्याच्या उंचीला, उन्हाच्या तिरिपेपासून लांब. माळा नको, कारण गरम हवा वर जाते. सेट-टॉप बॉक्सवर नको, तो स्वतःच तापतो. फ्रिजच्या मागे किंवा वर नको. लोखंडी कपाटात तर नकोच, तिथे उष्णताही कोंडते आणि सिग्नलही. आणि राउटरवर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत कृपया बंद करूया. आईला समजावणं अवघड असतं हे मला माहीत आहे, पण खालच्या आणि बाजूच्या फटी त्याचं नाक आहेत. त्याच फटींतून धूळही आत जाते. दोन-तीन महिन्यांतून एकदा राउटर बंद करून कोरड्या मऊ ब्रशने फटी साफ करा. उबेला मुंग्या आणि झुरळंही येतात, तेव्हा आतून खडखडाट आला तर दचकू नका.

लोडशेडिंगसाठी मिनी यूपीएस घेतला असेल तर तो राउटरच्या खाली रचून ठेवू नका, बाजूला ठेवा. चार्ज होताना तोही गरम होतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता राउटरपेक्षाही कमी सोसते. ज्यांना दुसरी जागाच नाही, त्यांनी यूएसबीवर चालणारा छोटा पंखा लावायला हरकत नाही. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर तिथूनही एखादा छोटा पंखा चालतो. झाकण उघडून हीटसिंक चिकटवायचे व्हिडिओ मीही आवडीने बघतो, पण वॉरंटीतल्या राउटरवर ते करू नका.

काही राउटरांमध्ये 'रोज पहाटे रिबूट' अशी सोय असते. ती चालू ठेवायला माझी ना नाही, पण दुपारी तापून पडणाऱ्या राउटरला पहाटेच्या रिबूटने काय मिळणार?

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

आता खरेदी. एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३००० ही नावं कुठून येतात? एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. बेरीज ११६७, ती फुगवून १२००. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. तुमचा फोन एका वेळी साधारण एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे बेरीज त्याच्या काही कामाची नाही. शिवाय हे रेडिओचे कागदी कमाल आकडे आहेत, हातात त्याच्या निम्मा-साठ टक्के वेग आला तरी चांगलं म्हणायचं.

दुसरं, फोनची स्वतःची मर्यादा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय नेटवर्कच्या तपशिलात लिंक स्पीड दिसतो. राउटरच्या शेजारी उभं राहून तो बघा. ४३३ दिसलं तर तुमचा फोन वायफाय ५ चा आणि एका अँटेनाचा असण्याची शक्यता मोठी. ८६६ दिसलं तर दोन अँटेनांचा. ७२ दिसलं तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर अडकला आहात. ४३३ वाल्या फोनसाठी एएक्स३००० राउटर घेणं म्हणजे लुनाला विमानाचं इंधन.

आणि तिसरं, जे खोक्याच्या पुढच्या बाजूला कोणी छापत नाही: मागचे पोर्ट. स्वस्त राउटरांमध्ये अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट असतात. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात. पण सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि सी६ चे गिगाबिट. तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असेल तर पहिल्यात स्पीड टेस्ट ९४-९५ ला जाऊन थांबेल, वायफाय कितीही जोरदार असो, कारण बाहेरचं पाणी तेवढ्याच नळातून आत येतंय. प्लॅन ५० चा असेल तर मात्र हाच राउटर पुरेसा आहे. म्हणून माझा पहिला नियम: तपशिलात 'गिगाबिट' शब्द शोधा. '१०/१००' दिसलं तर प्लॅन १०० च्या आत असेल तरच पुढे जा.

वायफाय ६ घ्यावं का? नवा राउटर घेतच असाल तर हो. एका फोनला त्याने फार फरक पडत नाही, पण घरात चार फोन, टीव्ही, लॅपटॉप, कॅमेरा असं सगळं एकदम बोलायला लागलं की एएक्सवाले राउटर वेळेची वाटणी जास्त नीट करतात. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून द्यायला सुरुवात झाली. त्याची घाई मी करणार नाही. बरेच फोन तयार नाहीत, आणि ते राउटर वीज जास्त खातात, म्हणजे तापतातही जास्त.

अँटेनांच्या संख्येवर जाऊ नका. दोन बीएचकेच्या टोकाच्या खोलीत रेंज नसेल, तर सहा अँटेनांच्या एका राउटरपेक्षा केबल टाकून जोडलेला दुसरा साधा ॲक्सेस पॉइंट बरा. प्लगमध्ये लावायचे स्वस्त एक्सटेंडर ऐकायचं आणि सांगायचं काम बहुतेक एकाच रेडिओवर करतात, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो.

उष्णतेसाठी बघायचं ते फोटोतच दिसतं: वर आणि खाली दोन्हीकडे फटी आहेत का, भिंतीवर लटकवायची भोकं आहेत का, अंग पसरट आहे का. चकचकीत, बंद, छोटी डबी शोकेसमध्ये छान दिसते, पण विदर्भ-खानदेशात मी ती घेणार नाही.

फर्मवेअर: न दिसणारी एक्सपायरी

मावसभावाचा राउटर पोटमाळ्यावरून खाली पॅसेजच्या भिंतीवर आला आणि रिस्टार्ट थांबले. मग मी त्याला फर्मवेअरची तारीख बघायला सांगितली. २०१९. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसाठी त्यानंतरचं काहीही नव्हतं, आणि मॉडेलच्या नावापुढे 'उत्पादन बंद' असा शिक्का होता. म्हणजे उष्णतेपायी फेकायची गरज नसलेला राउटर शेवटी आम्ही फर्मवेअरपायी बदलला. टेस्टचा मोसम संपल्यावर, निवांत शोधून, कार्टमधल्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत.

चालणारा राउटर का बदलायचा? कारण घरातल्या प्रत्येक फोनचं सगळं जाणं-येणं त्याच्यातून होतं. राउटर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर तो त्यातली डीएनएस सेटिंग बदलू शकतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही. वहीच खोटी असेल तर तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाकूनही भलत्याच दारात उभे राहता. ब्राउझर अशा वेळी 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं ओरडतो. ती सूचना दुर्लक्ष करून 'पुढे जा' दाबायची नसते, ती याच्यासाठी.

हे हॉलिवूडमधलं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर फक्त कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड वापरून काबीज केले होते. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम मालवेअरने बिघडवले, आणि ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर उघडकीला आलं: किमान ५४ देशांत, किमान ५ लाख उपकरणं, त्यात घरगुती कंपन्यांचे राउटरही. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं होतं. पण रिस्टार्टने त्या मालवेअरचा वरचा भागच जायचा, मूळ भाग राहायचा. तो घालवायला फॅक्टरी रीसेट आणि नवं फर्मवेअर लागायचं.

म्हणून विकत घेण्याच्या आधी पाच मिनिटं द्या. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं सपोर्ट पान उघडा आणि फर्मवेअरच्या यादीतल्या तारखा वाचा. गेल्या वर्षभरात काही आलंय का? दोन-तीन वर्षांपूर्वीच यादी थांबली असेल तर सेलमध्ये तो इतका स्वस्त का आहे ते कळलं. आणखी एक युक्ती: ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. तुमचं मॉडेल तिथेही विकलं जात असेल तर तिथल्या पानावरची तारीख अंदाजासाठी बघा. आपल्याकडच्या आवृत्तीला ती बांधील नाही, पण काहीच माहिती नसण्यापेक्षा बरी.

यादी बघताना हार्डवेअर आवृत्ती जुळवा. स्टिकरवर मॉडेलच्या पुढे बारीक अक्षरात 'व्ही२', 'व्ही४' असं असतं. नाव एकच, पण आतला माल वेगळा असू शकतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी. त्याचा लिनक्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर उभं राहिलं. पण २००५ च्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने मेमरी निम्मी केली आणि लिनक्स काढून दुसरीच प्रणाली टाकली. बाहेरून डबा तोच! चुकीच्या आवृत्तीचं फर्मवेअर टाकलं तर राउटर 'ब्रिक' होतो, म्हणजे वीट. काही मॉडेल्स रिकव्हरी मोडमधून परत येतात, काही येत नाहीत.

अपडेट करताना घाई नको. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या, आणि इंटरनेटसाठी कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड (पीपीपीओई असेल तर) कागदावर उतरवा. लॅपटॉप असेल तर केबलने जोडा. फाइल फक्त निर्मात्याच्या साइटवरून घ्या, टेलिग्रामवरून नाही. मग वीज जाणार नाही अशी वेळ निवडा, शक्यतो राउटर यूपीएसवर असताना, आणि पट्टी शंभर टक्के होऊन तो स्वतःहून सुरू होईपर्यंत हात लावू नका. पाच मिनिटं दिवे विचित्र लुकलुकतील, लुकलुकू द्या. दुपारच्या उन्हात तापलेल्या राउटरवर हे करू नका, सकाळी करा. ऑटो-अपडेटची सोय असेल तर चालू करून वेळ पहाटेची ठेवा. त्याच बैठकीत ॲडमिन पासवर्ड बदला (हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो), 'रिमोट मॅनेजमेंट' आणि डब्ल्यूपीएस बंद करा, आणि डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा. जुना फोन जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय असतो.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचं काय? त्याचं फर्मवेअर बहुधा कंपनीच दुरून बदलते, तुम्हाला ते बटण मिळतच नाही. तो किती ताजा आहे हे तुमच्या हातात नसतं. अशा वेळी त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावता येतो. कंपनीला सांगून त्यांचा डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून घ्या. नाहीतर दोन राउटर एकामागे एक भाषांतर करत बसतात आणि काही गेम, काही कॅमेरे कुरकुरतात. ते नाही म्हणाले, तरी निदान त्यांच्या डब्यावरचं वायफाय बंद करा. तेवढाच तो कमी तापेल, आणि हवेतली गर्दीही कमी होईल.

उरला जुना राउटर. अपडेट येणं थांबलेला राउटर मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा मोह होतो. मी लावत नाही. ओपनडब्ल्यूआरटी त्याला चालत असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी त्यांच्या साइटवर आपलं मॉडेल आणि आवृत्ती यादीत आहे का ते आधी बघा. ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅमचे जुने डबे आता त्यांच्या नव्या आवृत्त्यांना पुरत नाहीत. विकायचा, कुणाला द्यायचा किंवा ई-कचऱ्यात टाकायचा असेल, तर आधी तो चालू करून मागचं रीसेट बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, दाबून धरा. त्याच्या पोटात तुमच्या वायफायचा पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीचं युजरनेम अजून तसंच असतं. भंगारवाल्याला ते नको आहे, पण त्याच्याकडून तो डबा पुढे कोण घेईल ते आपल्याला कळणार नाही.